मेल ‘जाईना झालंय’ म्हणजे नेमकं कुठे अडलंय?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमधून संध्याकाळी साडेसहाला फोन आला. "मेल जाईना झालंय बघा. तासभर नुसतं फिरालंय." पुण्याच्या गिऱ्हाइकाला कास्टिंगचे फोटो आणि इन्स्पेक्शन रिपोर्ट त्याच दिवशी हवा होता, त्याशिवाय माल सोडायचा नव्हता. टेम्पो दारात भरून उभा होता. हिशेब बघणारे काका नेटवाल्यांना फोन करून दमले होते आणि राउटर तीनदा बंद-चालू करून झाला होता.

मी गेल्यावर त्यांना म्हटलं, "काका, आता माझ्यासमोर एकदा पाठवा, आणि खालच्या पट्टीवर काय लिहून येतंय ते वाचू." हिरवी पट्टी पावणेदोन मिनिटांत भरली. मग ओळ बदलली. सेंट फोल्डरमध्ये प्रत ठेवत आहे, अशा अर्थाची इंग्रजी ओळ आली आणि तिथेच थांबली. काकांनी सवयीनं ‘कॅन्सल’वर बोट नेलं. त्यांना थांबवून मी पुण्याला फोन लावायला सांगितला. तिकडून उत्तर आलं, "रिपोर्ट मघाशीच मिळाला, पण एकच मेल पाच वेळा का पाठवलात?"

मेल जात होतं. अडत होती ती आपल्याकडे ठेवायची प्रत.

हा घोटाळा आता वरचेवर दिसतो. विंडोजमधलं जुनं ‘मेल’ हे ॲप मायक्रोसॉफ्टनं ३१ डिसेंबर २०२४ ला बंद केलं आणि लोकांना नव्या आउटलुककडे वळवलं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून अनेकांनी नवे कॉम्प्युटर घेतले. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची लहान ऑफिसं, वर्कशॉपं, सीएंच्या कचेऱ्या यांत दहा-बारा वर्षांचं मेल एका मशिनवरून दुसऱ्या मशिनवर हलवलं गेलं आणि त्यासोबत जुनी दुखणीही हलली. ‘नेट स्लो आहे’ म्हणून त्यांवर पांघरूण घातलं जातं. मला इथे एवढंच दाखवायचं आहे की मेल हळू जाणं आणि फोल्डरांचा पसारा हा बहुतेक वेळा एकच प्रश्न असतो.

पाठवणं म्हणजे दोन वेगळी कामं

आपण ‘सेंड’ दाबतो तेव्हा दोन कामं होतात. पहिलं काम म्हणजे मेल पाठवणाऱ्या सर्व्हरच्या हवाली करणं. सेटिंगमध्ये या सर्व्हरचं नाव एसएमटीपी असं दिसतं. दुसरं काम म्हणजे त्याच मेलची एक प्रत ‘सेंट’मध्ये लावून ठेवणं.

बसस्टँडवर पार्सल देऊन यावं आणि मग दुकानात बसून आवक-जावक वहीत नोंद करावी, तसं हे आहे. पार्सलची गाडी सुटलेली असते. पण वहीत लिहिता लिहिता पेन अडलं, तर मालकाला वाटतं पार्सलच गेलं नाही.

दुसरं काम कुठे होतं, हे तुमच्या खात्यावर ठरतं. खातं ‘आयमॅप’ प्रकारचं असेल तर सगळे फोल्डर सर्व्हरवर राहतात, म्हणून मोबाइलवर आणि कॉम्प्युटरवर एकच पेटी दिसते. अशा खात्यात ‘सेंट’ची प्रतही सर्व्हरवरच ठेवायची असते, म्हणजे तेच मेल, तीच अटॅचमेंट, पुन्हा एकदा वर चढवायची. वीस एमबीचं मेल प्रत्यक्षात चाळीसच्या वर जातं. खातं ‘पॉप’ प्रकारचं असेल तर मेल आपल्या मशिनवर उतरतं आणि प्रतही आपल्याच हार्ड डिस्कवर बसते. तिथे नेटचा संबंधच नाही. उद्यमबागेतलं खातं पॉपचं होतं. त्यामुळे राउटर कितीदाही बंद-चालू केला असता तरी फरक पडणार नव्हता.

वीस एमबीची फाइल पाठवताना फुगते

एसएमटीपीचे नियम १९८२ सालचे. तेव्हा मेल म्हणजे साधी इंग्रजी अक्षरं, फोटो आणि ड्रॉइंग कुणाच्या डोक्यात नव्हती. रस्ता अक्षरांसाठी बांधलेला, म्हणून फोटोलाही आधी अक्षरांचं रूप द्यावं लागतं. या बांधाबांधीत फाइलचे दर तीन बाइट चार अक्षरांत मांडले जातात. म्हणजे वजन एक तृतीयांशानं वाढतं. कुंद्याचा अर्धा किलोचा डबा कोल्हापूरला पाठवायचा तर तो कागदात, मग खोक्यात, मग दोरीनं बांधतो, आणि काट्यावर वजन खोक्यासकट होतं.

म्हणून १८ एमबीची झिप फाइल रस्त्यावर २४ एमबीची होते. अनेक कंपन्यांच्या सर्व्हरवर २० एमबीची मर्यादा असते आणि ती या फुगलेल्या वजनाला लागते. ‘फाइल तर अठराचीच आहे, मग परत का आली?’ याचं उत्तर इथे आहे.

आणखी एक वजन कुणाच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे सहीखालचा लोगो. छपाईसाठी केलेला दीड-दोन एमबीचा लोगो सहीत चिकटवलेला असतो. ‘मिळाले, धन्यवाद’ एवढ्या दोन शब्दांच्या उत्तरालाही तो लटकतो. लोगो पन्नास केबीच्या आत आणून ठेवा. एकदाच दहा मिनिटं जातील.

"पण आमचं नेट तर जोरात आहे, व्हिडिओ झकास चालतो"

व्हिडिओ खाली येतो, मेल वर जातं. बऱ्याच जोडण्यांत खाली येण्याचा वेग जास्त आणि वर जाण्याचा कमी ठेवलेला असतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तर हा फरक फार पडतो. एखाद्या वेगचाचणीच्या साइटवर जाऊन ‘अपलोड’चा आकडा वेगळा बघा.

तो आकडा मेगाबिटमध्ये असतो आणि फाइल मेगाबाइटमध्ये. एका बाइटमध्ये आठ बिट. अपलोड २ मेगाबिट असेल तर २४ एमबीचं मेल म्हणजे १९२ मेगाबिट, म्हणजे ९६ सेकंद. आयमॅप खात्यात ‘सेंट’ची प्रत पुन्हा तेवढीच, म्हणजे एकूण सव्वातीन मिनिटांच्या आसपास. यात बिघाड काही नाही, हा नुसता हिशेब आहे. एवढा वेळ लागणारच हे माहीत असलं की माणूस मध्येच कॅन्सल दाबत नाही आणि गिऱ्हाइकाला एकच रिपोर्ट पाच वेळा जात नाही.

याच हिशेबाचा एक फायदा घेता येतो. तेच ड्रॉइंग पाच जणांना पाठवायचं असेल तर पाच वेगळी मेल करू नका. एका मेलमध्ये पाच पत्ते घातले तर ते वर एकदाच चढतं, पुढची वाटणी सर्व्हर करतो. एकमेकांचे पत्ते दिसू नयेत असं वाटत असेल तर पत्ते बीसीसीत घाला.

नेमकं कुठे थांबलंय, ते आधी बघा

दुरुस्तीची घाई करण्याआधी एक चाचणी करा. अटॅचमेंट नाही, सही नाही, नुसता ‘चाचणी’ एवढा शब्द लिहून स्वतःलाच मेल पाठवा. हे मेलही मिनिटभर घेत असेल तर वजनाचा दोष नाही. हे चटकन गेलं आणि मोठं मेलच अडलं, तर वजन किंवा प्रत. या एका चाचणीनं अर्धं निदान होतं, तरी ती करायची कुणाला सुचत नाही याची मला खरंच हळहळ वाटते.

आता पट्टीकडे बघा. पट्टी हललीच नाही, ‘कनेक्ट’ होतानाच थांबली, तर सर्व्हरच्या दारातच अडलंय. मेल सर्व्हरच्या हवाली करायची ठरलेली दारं आहेत. सेटिंगमध्ये त्यांना पोर्ट म्हणतात. आज ४६५ किंवा ५८७ यांपैकी एक वापरायचं. दहा-पंधरा वर्षांपूर्वी केलेल्या सेटिंगमध्ये २५ हा आकडा सापडतो. स्पॅम रोखण्यासाठी बरेच नेटवाले २५ बंद ठेवतात. मग प्रोग्राम बंद दारावर थाप मारत उभा राहतो आणि बऱ्याच वेळानं चूक दाखवतो. ४६५ सोबत ‘एसएसएल/टीएलएस’ आणि ५८७ सोबत ‘स्टार्टटीएलएस’ अशी जोडी असते. जोडी चुकली तरी असंच लटकतं.

दर वेळी दहा-वीस सेकंद थांबून मग मेल सुरळीत जात असेल तर पत्त्याचा गोंधळ असू शकतो. इंटरनेटवर पत्ते दोन पद्धतींचे आहेत, जुने आयपीव्ही४ आणि नवे आयपीव्ही६. प्रोग्राम नव्या पत्त्यावर जाऊन वाट बघतो, उत्तर आलं नाही की जुन्याकडे वळतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मेल लगेच जातं आणि ऑफिसच्या राउटरवर असं अडखळतं, असं दिसलं तर ही गोष्ट नेटवाल्याच्या कानावर घाला. त्याला ‘नेट स्लो आहे’ म्हणू नका, ‘आयपीव्ही६ नीट चालतंय का बघा’ म्हणा. तक्रार नेमकी असली की माणूस नेमकं बघतो.

पासवर्ड बरोबर असूनही पुन्हा पुन्हा विचारला जात असेल तर तो वेगळाच मामला. गूगलनं मे २०२२ च्या अखेरीपासून वैयक्तिक जीमेल खात्यांना नुसत्या पासवर्डनं बाहेरच्या प्रोग्राममधून आत येणं बंद केलं. खात्याच्या सेटिंगमध्ये ‘ओऑथ२’ हा पर्याय निवडा, म्हणजे गूगलचीच खिडकी उघडून एकदा परवानगी मागेल. प्रोग्राम जुना असेल आणि त्यात हा पर्याय नसेल, तर गूगलच्या खात्यातून त्या प्रोग्रामपुरता वेगळा ‘ॲप पासवर्ड’ काढावा लागतो.

पट्टी सरकते पण सावकाश, तर वरचा वजनाचा हिशेब लावा. पट्टी पूर्ण भरते आणि मग थांबते, तर ‘सेंट’ची प्रत अडलीय. कॅन्सल दाबायच्या आधी समोरच्याला फोन करा. मेल पोचलेलं असण्याची शक्यता फार मोठी.

आउटलुक वापरणाऱ्यांना ‘आउटबॉक्स’चं दुखणं ठाऊक असेल. उसाच्या हंगामात कारखान्याच्या काट्यावर एक ट्रॅक्टर फसला की मागची रांग रस्त्यापर्यंत जाते. आउटबॉक्समध्ये मर्यादेबाहेरचं एक मेल अडलं की मागची लहान मेलंही तशीच खोळंबतात. अशा वेळी नेट काढा किंवा ‘वर्क ऑफलाइन’ करा, ते मोठं मेल ‘ड्राफ्ट्स’मध्ये ओढून घ्या आणि मग पुन्हा ऑनलाइन या. पुन्हा ऑनलाइन यायला विसरू नका, कारण तो बटन दाबलेला राहिला म्हणून दोन दिवस मेल न गेलेली ऑफिसं मी पाहिली आहेत. एक बारीक खूणही सांगतो. जुन्या आउटलुकच्या आउटबॉक्समध्ये जायला तयार असलेल्या मेलचं नाव तिरप्या अक्षरांत दिसतं. तुम्ही ते नुसतं बघायला म्हणून उघडून बंद केलंत तर अक्षरं सरळ होतात आणि ते मेल जात नाही. पुन्हा उघडून ‘सेंड’ दाबावं लागतं.

सेंट फोल्डर का जड होतो

आता काकांच्या मशिनकडे येऊ. त्यांच्याकडे थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम होता. थंडरबर्डमध्ये सहसा एक फोल्डर म्हणजे एक फाइल. इनबॉक्समध्ये वीस हजार मेल असली तरी ती एकाच लांबलचक फाइलमध्ये एकापाठोपाठ एक लिहिलेली असतात. शेजारी एक छोटी फाइल असते, तिच्यात कुठलं मेल कुठून सुरू होतं याची नोंद असते. तिला अनुक्रमणिका म्हणू.

ही जाड खतावणी समजा. तुम्ही मेल डिलीट करता तेव्हा पान फाटत नाही. त्यावर काट मारली जाते आणि अनुक्रमणिकेतून नाव जातं. म्हणून पाच हजार मेल पुसली तरी वहीची जाडी तेवढीच. काटलेली पानं वगळून नवी वही उतरवून काढायच्या कामाला ‘कॉम्पॅक्ट’ म्हणतात. फोल्डरवर राइट क्लिक केलं की ते सापडतं. आणि मेल असूनही दिसेनाशी झाली, आकडे चुकीचे दाखवू लागलं, तर फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘रिपेअर फोल्डर’ आहे. त्यात अनुक्रमणिका नव्यानं लिहिली जाते.

काकांची ‘सेंट’ फाइल ११ जीबीची झाली होती. २०१३ पासूनचं प्रत्येक ड्रॉइंग, प्रत्येक फोटो तिच्यात. नवी प्रत शेवटी जोडायला क्षणभरच लागतो. पण फाइल बदलली की अँटीव्हायरस जागा होई आणि सगळी फाइल पहिल्या पानापासून तपासायला घेई. एका ओळीच्या मेलसाठी ११ जीबीची तपासणी. हार्ड डिस्क जुनी, फिरणाऱ्या तबकडीची. दुखणं सगळं तेवढंच.

उपाय अर्ध्या तासाचा होता. ‘सेंट’मधली जुनी मेलं वर्षवार फोल्डरांत हलवली, मग ‘सेंट’ कॉम्पॅक्ट केला. फाइल ३०० एमबीवर आली आणि मेल ‘सेंड’ दाबल्यावर काही सेकंदांत मोकळं झालं.

आउटलुकमध्ये थोडी वेगळी तऱ्हा. तिथे पॉप खात्याचे सगळे फोल्डर मिळून एकच ‘पीएसटी’ फाइल असते. आउटलुक २०१० पासून तिची ठरीव मर्यादा ५० जीबी आहे, पण त्याच्या कितीतरी आधी ती सुस्तावते. अकाउंट सेटिंग्जमधल्या ‘डेटा फाइल्स’मध्ये ‘कॉम्पॅक्ट नाऊ’ आहे. मात्र आधी बघा की ती फाइल वनड्राइव्हच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या नेटवरच्या साठवणीच्या, फोल्डरमध्ये तर नाही ना. आउटलुक ती बऱ्याचदा ‘डॉक्युमेंट्स’मध्ये ठेवतं आणि नव्या कॉम्प्युटरवर ‘डॉक्युमेंट्स’ आपोआप वनड्राइव्हला जोडलेलं असतं. मग एक मेल आलं-गेलं की ती भली मोठी फाइल ढगात चढवायची धडपड सुरू होते, आणि तुमचा अपलोड तिकडेच खर्च होतो.

जीमेलवाल्यांसाठी सोपा मार्ग आहे. जीमेलचा सर्व्हर गेलेल्या मेलची प्रत स्वतःच ‘सेंट’मध्ये ठेवतो. थंडरबर्डच्या ‘कॉपीज अँड फोल्डर्स’मध्ये प्रत ठेवण्याची खूण काढून टाका. दुसऱ्यांदा चढवणं वाचतं. कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरच्या खात्याला मात्र हे लावू नका. तिथला सर्व्हर बहुधा प्रत ठेवत नाही, आणि उद्या ‘मी पाठवलं होतं’ याचा पुरावाच उरणार नाही.

"अँटीव्हायरस बंद केला तर धोका नाही का?"

आहे. पूर्ण बंद करायला मी सांगत नाही. थंडरबर्डचा जो मेलचा फोल्डर आहे तेवढाच तपासणीतून वगळायचा, आणि ‘बाहेर जाणारी मेल तपासा’ हा पर्याय असेल तर तो काढायचा. अटॅचमेंट तुम्ही उघडता किंवा डिस्कवर उतरवता तेव्हा अँटीव्हायरस ती तपासतोच. राखण दारावर राहते, फक्त कपाटातल्या वह्या रोज उलथ्यापालथ्या होत नाहीत.

यामागे वेगाहून मोठं कारण आहे. एक फोल्डर म्हणजे एक फाइल, हे आठवा. त्यातल्या एका स्पॅममध्ये व्हायरस सापडला आणि अँटीव्हायरसनं ‘फाइल’ उचलून बंदिस्त केली, तर तो अख्खा इनबॉक्सच उचलून नेतो. सकाळी मशिन लावलं आणि इनबॉक्स रिकामा, असं झालेल्या माणसाचा चेहरा मला विसरता येत नाही. असं कधी घडलंच तर घाबरून फॉरमॅट मारू नका. अँटीव्हायरसच्या ‘क्वारंटाइन’मध्ये ती फाइल सहसा जशीच्या तशी असते.

कप्पे किती, कुठले

लोक एक तर सगळं इनबॉक्समध्ये ठेवतात, नाही तर सत्तर फोल्डर करून बसतात. दोन्हीत सापडत नाही. माझं मत असं की इनबॉक्स म्हणजे आज ज्यावर हात घालायचा तेवढंच. बाकी कप्पे कामाच्या वाटेवरून पाडायचे.

आपल्याकडची वाट सीमेवरून जाते. बेळगावहून कोल्हापूर शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, पण ते दुसरं राज्य. तिकडे माल गेला की बिलावर आयजीएसटी. बेंगळुरू पाचशे किलोमीटरवर, पण राज्य आपलंच, म्हणून सीजीएसटी आणि एसजीएसटी. निपाणीच्या व्यापाऱ्याला तर शेजारचं गावही आयजीएसटीचं. गिऱ्हाइकाचा जीएसटी क्रमांक २७ नं सुरू झाला तर महाराष्ट्र, २९ नं सुरू झाला तर कर्नाटक. मी गिऱ्हाइकांचे कप्पे याच दोन आकड्यांनी पाडायला सांगतो: ‘२७ कोल्हापूर’, ‘२७ पुणे’, ‘२९ हुबळी’. महिन्याच्या दहा-अकरा तारखेला जीएसटीआर-१ हे विक्रीचं विवरणपत्र भरताना ‘बिल कुठंय, कुठल्या राज्याचं’ म्हणून जी धांदल उडते ती यानं निम्मी होते. खरेदीची बिलं एका कप्प्यात, बँक एका, आणि सरकारी एका. हेस्कॉमचं विजेचं बिल, महापालिकेची पत्रं, एमएसएमईची नोंदणी असं सगळं त्या सरकारी कप्प्यात.

नावाआधी आकडा घालण्यात आणखी एक सोय आहे. आपल्या मेलपेटीत तीन लिप्या नांदतात. फोल्डर लावताना बहुतेक प्रोग्राम आधी आकडे, मग इंग्रजी, मग देवनागरी, मग कन्नड असा क्रम धरतात. ‘अर्जंट’ नावाचा देवनागरी फोल्डर मग सगळ्या इंग्रजी नावांच्या खाली जाऊन बसतो. आकडा घातला की लिपी कुठलीही असो, जागा ठरलेली. मात्र आयमॅपवर देवनागरी नावं आतून इंग्रजी अक्षरांच्या गिचमिडीत साठवली जातात आणि एखादा जुना प्रोग्राम ती तशीच दाखवतो. दोन-तीन प्रकारच्या मशिनवर मेल बघत असाल तर फोल्डरचं नाव इंग्रजीत ठेवलेलं बरं. मेलमधली मराठी त्यानं कुठे जात नाही.

आपोआप वाटणी करणारे नियम असतात, थंडरबर्डमध्ये ‘मेसेज फिल्टर्स’, आउटलुकमध्ये ‘रूल्स’. ते जरूर लावा, पण बँकेची स्टेटमेंटं, जाहिराती, नोंदणीची मेलं अशांवर, म्हणजे जी आज वाचली नाहीत तरी चालतील. ऑर्डर आणि ड्रॉइंगच्या मेलवर नियम लावू नका. ती इनबॉक्सला शिवून कप्प्यात गेली की नजरेआड होतात, आणि बदललेलं ड्रॉइंग न बघता जुन्या मापानं माल ओतला तर ते नुकसान कुठलाही फिल्टर भरून देत नाही.

"जुनी मेलं पुसूनच टाकू का?"

नको. जीएसटी कायद्यानं हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरायच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षं, सांभाळावी लागतात. बिलं, ऑर्डरी, दर ठरल्याचा पत्रव्यवहार मेलमध्येच पडलेला असतो. पुसू नका, बाजूला काढा.

जीमेलची फुकट १५ जीबी जागा भरली म्हणून लोक पुसायला निघतात. ती जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांत मिळून आहे. जून २०२१ पासून मोबाइलचे नवे फोटोही तीत धरले जातात. पेटी भरली की मेल यायचंही थांबतं आणि जायचंही. म्हणून बिलांना हात लावण्याआधी फोटो आणि व्हिडिओ बघा, बहुतेक जागा तिथेच गेलेली असते.

बाजूला काढायला ‘लोकल फोल्डर्स’ असतात, आपल्या डिस्कवरचे. तिकडे मेल हलवलं की सर्व्हरवरून जातं आणि मोबाइलवर दिसत नाही, हे ध्यानात ठेवा. एकदम दहा हजार मेलं ओढू नका. दोन-तीनशेच्या घासानं, आधी ‘कॉपी’ करा, दोन्हीकडचे आकडे जुळवा, मगच तिकडची पुसा. पावसाळ्यात खानापूरकडे वीज केव्हा जाईल सांगता येत नाही. यूपीएस नसेल तर कॉम्पॅक्ट आणि हलवाहलवी आभाळ बघूनच करा, कारण वही उतरवताना मध्येच अंधार झाला तर फोल्डर बिघडू शकतो.

आणि सुरू करण्याआधी बॅकअप. मेलचा प्रोग्राम बंद करून त्याचा पूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवा. पेनड्राइव्ह घेतलात तर तो ‘फॅट३२’ पद्धतीचा नाही ना ते बघा. त्या पद्धतीत ४ जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही. काकांनी दर मार्चला बॅकअप घेतला होता, पण त्यातला ११ जीबीचा ‘सेंट’ गेली कित्येक वर्षं त्या पेनड्राइव्हवर चढतच नव्हता.

"सर्च आहे की, मग कप्प्यांची उठाठेव कशाला?"

हा आक्षेप मला पटतो, आणि म्हणूनच सत्तर कप्पे करू नका म्हणतो. पण सर्च तुम्ही दिलेला शब्दच शोधतं. मेलमध्ये काय लिहिलंय हे आठवावं लागतं, आणि आपल्या शहराचं नावच दोन स्पेलिंगांत विभागलेलं आहे. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी नाव बदललं. त्याआधीच्या इंग्रजी मेलमध्ये, बिलावर, पत्त्यावर ‘बेलगाम’ आहे, नंतरच्यांत बहुधा ‘बेळगावी’. एकाच स्पेलिंगनं शोधलं तर अर्धा इतिहास समोर येत नाही. हुबळी आणि बेंगळुरू यांचंही तेच. दोन्ही स्पेलिंगं ‘किंवा’नं जोडून एक शोध कायमचा जतन करता येतो. थंडरबर्डमध्ये तो फोल्डरसारखाच दिसतो, मेल मात्र जागच्या जागी राहतं.

त्या संध्याकाळी टेम्पो गेल्यावर काकांनी आणखी एक विचारलं. एका जुन्या गिऱ्हाइकाला पंप हाउसिंगचं पहिलं ड्रॉइंग हवं होतं, आणि महिनाभर शोधूनही ते मेलमध्ये सापडत नव्हतं. मी शोधाच्या चौकटीत गिऱ्हाइकाचं नाव आणि बेळगावचं जुनं स्पेलिंग टाकलं. ऑगस्ट २०१३ चं मेल वर आलं, अटॅचमेंटसकट. काकांनी चष्मा पुसून तारीख दोनदा वाचली आणि लगेच ते ‘२७ पुणे’मध्ये ओढून ठेवलं.